समुपदेशनात श्रद्धेबद्दल कसं विचारावं

कोल्हापुरात समुपदेशकासमोर बसलेला माणूस बहुतेक वेळा आधी चार ठिकाणी जाऊन आलेला असतो. 'बाहेरचं' बघून झालेलं असतं, नृसिंहवाडीची वारी झालेली असते, खिशात देवरुष्याचा अंगारा असतो. तो हे आपणहून सांगत नाही, कारण समोरचा हसेल अशी धास्ती असते. म्हणून पहिल्याच बैठकीत झोप, भूक, पाळी, थायरॉइड विचारताना त्याच ओघात हेही विचारून घ्यावं.

"तुम्ही धार्मिक आहात का?" असं विचारू नका. 'हो' किंवा 'नाही' म्हणून माणूस मोकळा होतो. त्याऐवजी विचारा: अडचणीत आधार कशाचा वाटतो? इथं यायच्या आधी कुठं-कुठं दाखवलं? उपास, नेम कोणते? यातलं हल्ली काही सुटलंय का? शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. वर्षानुवर्षं रोज पोथी वाचणाऱ्या बाईनं ती बंद केली, तर तिची श्रद्धा उडालीच असं समजू नये. नैराश्यात स्वयंपाकातलं मन उडतं, तसं पोथीतलंही उडतं.

उत्तरं त्याच्याच शब्दांत लिहा. 'करणी' म्हणाला तर 'करणी'च लिहा, तिथं 'भ्रम' लिहू नका. आजाराबद्दलचा अंदाज वेगळ्या ओळीत.

खरी गफलत होते ती उपास आणि गोळ्यांत. मात्रा किंवा वेळ बदलणं समुपदेशकाचं काम नव्हे, पण अडचण हेरून मनोविकारतज्ज्ञाला आधी कळवणं नक्कीच आहे. लिथियम (मनाचे टोकाचे चढउतार आवरणारं औषध) चालू असताना निर्जळी उपास किंवा रमजानचा रोजा धरला की अंगातलं पाणी कमी होऊन रक्तातली लिथियमची पातळी चढू शकते. हाताची थरथर वाढली, उलट्या-जुलाब झाले, तोल जाऊ लागला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. लुरासिडोन ही मनोविकारावरची गोळी किमान ३५० कॅलरींच्या जेवणासोबत घेतली नाही तर नीट शोषली जात नाही. दोन खजूर किंवा एक केळं पुरत नाही. चौविहार पाळणारे जैन सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत. मग रात्रीची झोप आणणारी गोळी संध्याकाळी साडेपाचलाच घेतली जाते आणि दुकानातून घरी मोटरसायकल चालवताना डोळे मिटू लागतात. कॅप्सूलचं आवरण बहुधा जिलेटिनचं, म्हणजे प्राणिजन्य असतं. 'औषध विसरतो' असं सांगणाऱ्याला हेही विचारून पाहा. बऱ्याचदा त्याच औषधाची साधी गोळी मिळते.

सोवळ्यासाठी दहादा आंघोळ किंवा वुजू (नमाजाआधी हात-तोंड-पाय धुणं) मनासारखा होईना म्हणून पुन्हा पुन्हा करणं हे मंत्रचळेपणाचं, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराचं (ओसीडी) लक्षण असू शकतं. इथं धर्माशी भांडायचं नाही. नेहमीची रीत किती, हे त्याच्याच गुरुजींना किंवा मौलानांना विचारून ठरवा आणि तेवढ्यावर थांबायचा सराव द्या. विचारायचं मात्र एकदाच. रोज फोन करून खात्री करून घेणं हाही त्याच चक्राचा भाग होतो, हे गुरुजींनाही समजावून सांगा. त्यांच्याशी बोलण्याआधी लेखी संमती घ्या आणि काय बोलणार तेही ठरवून घ्या.

अंगात येणं म्हणजे आजारच, असं नाही. आरतीला किंवा हलगीवर आलं, थोड्या वेळात ओसरलं आणि दुसऱ्या दिवशी बाई कामाला लागली, तर घाई नको. अवेळी येतंय, झोप उडालीय, खाणं सुटलंय, स्वतःला इजा होतेय, तर लगेच मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवा. आणि भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण किंवा साखळीनं बांधणं चालू असेल, तर ती श्रद्धा म्हणून सोडून देऊ नका. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे.

जीव द्यावासा वाटतो असं कुणी म्हणालं तर 'आत्महत्या पाप आहे' हे वाक्य तोंडातून निघता कामा नये. त्यानं माणूस गप्प होतो, विचार तसाच राहतो. कधीपासून वाटतं, काही ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, हे सरळ विचारा. शेतकरी घरात कीटकनाशक कुठं ठेवलंय, तेही. एकटं सोडू नका, घरच्यांना बोलवा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा चोवीस तास चालणारा मोफत नंबर लिहून द्या.

कधीतरी प्रश्न उलटा येतो: "तुम्ही देव मानता का?" खरं ते एका वाक्यात सांगा आणि विचारा, "माझं उत्तर तुम्हाला का महत्त्वाचं वाटलं?" पुढची पंधरा मिनिटं त्यावरच गेली तरी चालेल.