चादरीची भिंत: मुलांना सीमा कशी समजवावी

नकाशा आधी उघडू नका. ठाण्यातल्या नौपाड्यात मी तीस वर्षं भूगोल शिकवला. नकाशातली सीमा मुलांना नुसती रेघ वाटते, हे दरवर्षी पाहिलं. म्हणून आता सुट्टीत बिल्डिंगमधल्या पोरांना जमवून मी जर्मनीतलं मोडलारॉइट मांडते. जेमतेम पन्नास माणसांची वाडी. मधून टानबाख नावाचा ओढा, एका उडीत ओलांडावा एवढाच.

पॅसेजमध्ये खडूनं ओढा काढा, दोन्ही काठांवर घरं आखा. प्रत्येकाला एक घर द्या, आणि भावंडं, जिवलग मैत्रिणी मुद्दाम समोरासमोरच्या काठांवर ठेवा. मग पंधरा मिनिटं नुसती ये-जा होऊ द्या. कुणी वाटीभर साखर मागायला जाईल, कुणी अभ्यासाची वही आणायला. इथे अजिबात घाई नको. ही ये-जा अंगवळणी पडली नाही, तर पुढचं काहीच पोचत नाही.

आता सांगा: १९४९ साली जर्मनीची पूर्व आणि पश्चिम अशी दोन राष्ट्रं झाली आणि सीमा या ओढ्यावरून गेली. १९५२ साली लाकडी फळ्यांचं कुंपण आलं. तुम्ही दोरी बांधा. १९६६ साली काँक्रीटची भिंत, ७०० मीटर लांब, ३.३ मीटर उंच. 'आपल्या घराच्या छतापेक्षा उंच' असं म्हणा, सगळ्यांच्या माना वर जातात. दोरीवर चादरी टाका.

आणि नियम सांगा: पूर्वेकडच्यांनी पलीकडे बघून हात हलवायचा नाही. तिथे तशी खरोखर बंदी होती. गेल्या मे महिन्यात आमच्या मजल्यावरच्या एका मुलीला दोन चादरींच्या फटीतून धाकटा भाऊ दिसला. तिचा हात खांद्यापर्यंत गेला, तिथेच थांबला, आणि मूठ आवळून तिनं तो फ्रॉकच्या खिशात घातला. अशा वेळी आपण काही बोलू नये.

९ डिसेंबर १९८९ ला वाट खुली झाली, १७ जून १९९० ला बुलडोझर आला. चादरी मुलांनाच ओढू द्या. एक तेवढी राहू द्या, तिथेही भिंतीचा तुकडा जपून ठेवलाय. ओढाही पुसू नका. आज तो थुरिंगिया आणि बव्हेरिया या दोन राज्यांची हद्द आहे. गाव एक, पण पिनकोड दोन आणि नगराध्यक्षही दोन.

'म्हणजे आपल्या मुलुंड चेकनाक्यासारखं!' असं कुणीतरी ओरडतंच. नाक्याच्या अलीकडे ठाणे, पलीकडे मुंबई. तेव्हा नकाशा उघडा.