वॉरंटी किती वर्षांची, हे नंतर विचारा

लाकडी फ्लोअरिंग घासून त्यावर नव्यानं कोट, म्हणजे संरक्षक थर, द्यायचं काम मी बरीच वर्षं केलं. आता मशीन चालवत नाही, लोकांची फ्लोअरिंग पाहून सल्ला देतो. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "वॉरंटी किती वर्षांची मागू?" मी म्हणतो, वर्षांचं नंतर बघू. कॉन्ट्रॅक्टर पाहणीला आला की काय मोजतो, ते आधी बघा.

कोटचे पापुद्रे सुटतात किंवा फळ्या वेड्यावाकड्या होतात, तेव्हा कारण बहुतेक वेळा खालीच असतं. लाकडात मुरलेली ओल, जुनं मेण, नाहीतर घासून घासून पातळ झालेली फळी. ही तिन्ही कारणं काम सुरू व्हायच्या आधी कळू शकतात. फोनवर खोलीचं माप ऐकून जो भाव सांगून मोकळा होतो, त्यानं यातलं काहीच पाहिलेलं नसतं. मग तो वॉरंटी कशाच्या जोरावर देणार?

जाडीपासून सुरुवात करू. अखंड लाकडाची फळी साधारण 18 ते 20 मिलिमीटर असते, पण घासता येतं ते फक्त दोन फळ्या एकमेकींत अडकवणाऱ्या खाचेच्या वरचं लाकूड. नव्या फळीत ते सहाएक मिलिमीटर भरतं आणि प्रत्येक पूर्ण घासणीत त्यातलं थोडं जातंच. इंजिनिअर्ड फ्लोअरिंगमध्ये, म्हणजे प्लायसारख्या थरांवर खरं लाकूड चिकटवलेल्या फळ्यांत, वरचा खऱ्या लाकडाचा थर दोन मिलिमीटरपेक्षा पातळ असेल, तर मोठं मशीन लावणं धोक्याचं. लॅमिनेट तर घासताच येत नाही, वर लाकडाचं छापील चित्र असतं. हे वरून बघून कळत नाही. जाणकार माणूस दाराजवळची पट्टी उचलतो आणि फळीची कड बघतो.

ओलीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात. खालून ओल लागली की फळीच्या कडा वर येतात आणि मध्य खोलगट होतो. पायाला लाटा जाणवतात. अशा ओल्या फळ्या कुणी घासल्या की उचललेल्या कडा कापल्या जातात, जमीन सपाट दिसते आणि घरमालक खूश होतो. पुढे लाकूड सुकतं, कडा खाली बसतात आणि प्रत्येक फळीचा मध्य फुगून वर येतो. वॉरंटीच्या कागदावर याला "लाकडाची नैसर्गिक हालचाल" म्हणून वगळलेलं असतं. म्हणून मॉइश्चर मीटरच्या सुया फळीत आणि शक्य असेल तर खालच्या प्लायमध्येही टोचून आकडे घ्यायला लावा, आणि ते कोटेशनवर लिहून घ्या. "आधी गळती थांबवा, सुकू द्या, मग मला बोलवा," असं कुणी म्हणालं तर त्याचा नंबर जपून ठेवा.

मेणाची तपासणी सोपी आहे. कोपऱ्यात टर्पेंटाइनमध्ये भिजवलेलं पांढरं फडकं घासायचं. पिवळट-तपकिरी चिकट डाग आला तर मेण असण्याची शक्यता मोठी. त्यावर पॉलियुरेथेनचा, म्हणजे प्लास्टिकसारख्या कडक होणाऱ्या व्हार्निशचा, कोट धरत नाही.

आता कागद. वॉरंट्या दोन असतात. एक कोट बनवणाऱ्या कंपनीची, ती मालापुरती. दुसरी कॉन्ट्रॅक्टरच्या कामाची. कंपनीचं मोठं आकड्याचं पत्रक दाखवून कुणी स्वतःच्या कामाबद्दल गप्प बसत असेल, तर थेट विचारा: कोट सुटला तर मजुरी कोण देणार? सामान कोण हलवणार? डागापुरतं ठिगळ लावणार की भिंतीपासून भिंतीपर्यंत पूर्ण खोली करणार? ठिगळ उजेडात दिसतंच, म्हणून मी पूर्ण खोलीचाच आग्रह धरतो. झीज आणि कोट सुटणं या दोन गोष्टी कागदावर वेगळ्या लिहिलेल्या हव्यात. हवेतल्या आर्द्रतेची अट असेल, बऱ्याचदा 30 ते 50 टक्क्यांची असते, तर घरात आर्द्रतामापक ठेवा आणि नोंदी करा. वाफेच्या पोछ्यानं वॉरंटी जाते का, तेही आधीच वाचा. कोटचं नाव, किती हात, शेवटचा पॉलिश पेपर किती नंबरचा, हे सगळं कोटेशनमध्येच हवं.

जवळपासचा माणूस घ्यायचा तो यासाठी की त्याचं जुनं काम जाऊन बघता येतं. दोन-तीन वर्षांपूर्वीचं काम दाखवायला सांगा. नवं फ्लोअरिंग सगळ्यांचंच चमकतं. खिडकीकडे तोंड करून उभे राहा आणि उजेड जमिनीवर तिरका पडलेला बघा. भिंतीलगत अर्धगोल ओरखडे दिसले तर कडेच्या मशीनवर हात नीट फिरलेला नाही. आडव्या बारीक लाटा दिसल्या तर मोठं मशीन थरथरलेलं आहे.

आणखी एक विचारा: संध्याकाळी भुसा कुठे टाकणार? तेलकट कोटचा भुसा आणि तेलात भिजलेली फडकी आपोआप तापून पेट घेऊ शकतात. भुशाची पिशवी रोज घराबाहेर रिकामी करणारा आणि फडकी पाण्यात बुडवून ठेवणारा माणूसच घरात घ्या.

पैशांचा शेवटचा हप्ता दिवसाच्या उजेडात पूर्ण खोली पाहिल्यावरच द्या. पाण्यावर आधारित कोट काही तासांत हाताला सुका लागतो, पण पूर्ण कडक व्हायला आठवडा किंवा जास्त घेतो. तेलावर आधारित कोटला महिनाभरही लागतो. तोवर गालिचा अंथरू नका, आणि ही मुदतही त्याच्याकडून लिहून घ्या.