दुसऱ्या कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम स्क्रिप्टने सुरू करताना

आमच्या प्रयोगशाळेतले सहा कॉम्प्युटर एका थंड, कुलूपबंद खोलीत असतात. ना मॉनिटर, ना कीबोर्ड. ध्रुव, अगस्ती, चित्रा, स्वाती, रोहिणी आणि मघा ही त्यांची नावं. त्यांच्यावर द्रवांच्या प्रवाहाची गणितं चालतात आणि एकेक गणित दोन-तीन दिवस घेतं. ती सुरू करण्याचं काम गेली नऊ वर्षं माझ्याकडे आहे. मी ते माझ्या टेबलावरून एका चाळीस ओळींच्या स्क्रिप्टने करते. त्या स्क्रिप्टमधली जवळजवळ प्रत्येक ओळ काहीतरी अडल्यावर आलेली आहे, म्हणून ती कशी उभी राहिली ते क्रमाने सांगते.

एक सूचना आधीच: कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अक्षरं आणि आकडे रोमनच वापरायचे. चिन्हं मात्र जशीच्या तशी घ्या, कारण अर्धे घोळ चिन्हांतच होतात.

तिकडे पोचायला एसएसएच, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर सुरक्षितपणे लॉगिन करून कमांड चालवणारं साधन. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात नेटवर्कवरून पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तिथल्या तातू युलोनेन यांनी ते लिहिलं. त्याआधी लोक आरएसएच वापरत आणि त्यातून सगळं उघड्यावर जात असे. आज लिनक्सवर जे असतं ते ओपनएसएसएच, १९९९ पासूनचं. त्याचा तिकडचा भाग, म्हणजे सर्व्हर, पोर्ट २२ वर वाट पाहतो.

स्क्रिप्ट पासवर्ड टाइप करू शकत नाही, म्हणून किल्ल्यांची जोडी लागते: एक खाजगी, आपल्याकडे राहणारी, आणि एक सार्वजनिक. 'एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९' ने जोडी बनवायची, 'एसएसएच-कॉपी-आयडी ध्रुव' ने सार्वजनिक किल्ली तिकडे ठेवायची. एवढं करूनही पासवर्ड विचारला जात असेल, तर बहुतेक वेळा तिकडच्या परवानग्या सैल असतात. '.एसएसएच' फोल्डर ७००, त्यातली 'ऑथोराइज्ड_कीज' फाइल ६०० (म्हणजे दोन्ही फक्त मालकासाठी), आणि होम फोल्डरवर इतर कुणाला लिहिण्याची मुभा नको. सर्व्हर याबाबत कडक असतो आणि कारण तुम्हाला न सांगता सरळ किल्ली नाकारतो. कारण तिकडच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलमध्ये, मिळतं.

माझी स्वतःची किल्ली सांकेतिक वाक्याने बंद असते आणि एसएसएचचा एजंट नावाचा छोटा प्रोग्रॅम ती दिवसभर उघडी ठेवतो. रात्री आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टसाठी मात्र वेगळी, वाक्याशिवायची किल्ली लागते. ती चोरीला गेली तर काय, हा विचार तेव्हाच करून ठेवा. 'ऑथोराइज्ड_कीज' मध्ये त्या किल्लीच्या ओळीच्या सुरुवातीला 'रिस्ट्रिक्ट,कमांड="..."' असं लिहिलं, की त्या किल्लीने तेवढी एकच कमांड चालते, दुसरं काही नाही. पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवायचं तर मनातही आणू नका.

मग तुमच्याच कॉम्प्युटरवरच्या '.एसएसएच' फोल्डरमधल्या 'कॉन्फिग' फाइलमध्ये प्रत्येक मशीनचं टोपणनाव, पत्ता आणि वापरकर्ता लिहून टाका. त्यात दोन ओळी माझ्याकडे नेहमी असतात: 'कनेक्टटाइमआउट १०' आणि 'बॅचमोड येस'. पहिलीमुळे बंद पडलेल्या मशीनची वाट दहा सेकंदच पाहिली जाते. दुसरीमुळे एसएसएच काहीही विचारत बसत नाही. जमलं नाही तर चूक दाखवून परत येतं. रात्री तीन वाजता पासवर्डची वाट पाहत थांबलेली स्क्रिप्ट कुणाच्याच कामाची नसते. मात्र पहिल्यांदा प्रत्येक मशीनवर हाताने जाऊन त्याचा ठसा, म्हणजे त्या मशीनच्या स्वतःच्या किल्लीची खूण, ताडून घ्या. ठशाची तपासणी कायमची बंद करण्याचा पर्याय आहे, तो मी कधीच वापरत नाही.

आता खरी गंमत, म्हणजे अवतरणचिन्हं. ही ओळ बघा:

एसएसएच ध्रुव "इको $होम"

यात '$होम' (रोमन मोठ्या अक्षरांत; होम फोल्डरचा पत्ता ठेवणारं व्हेरिएबल) तुमच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर उलगडतं आणि ध्रुवला तयार उत्तर मिळतं. दुहेरीऐवजी एकेरी अवतरण दिलं, तर ते चिन्ह तसंच तिकडे जातं आणि ध्रुवचं होम दिसतं. छापून बघण्यापुरतं असेल तर कळेल आणि सोडून द्याल. पण त्याच जागी फोल्डर पुसण्याची कमांड असेल आणि व्हेरिएबल इकडे रिकामं असेल, तर तिकडे काय पुसलं जाईल याचा नेम नाही. मी नव्याने आलेल्या प्रत्येकाला हे आधी इकोने करून दाखवते आणि मगच त्याच्या हातात स्क्रिप्ट देते.

शिवाय एसएसएच तुमचे सगळे शब्द मधे एकेक जागा सोडून जोडतं आणि ती एकच ओळ तिकडच्या शेलला, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, देतं. म्हणजे अवतरणांचा एक थर इकडेच उतरतो. फाइलच्या नावात जागा असेल तर ती तिकडे पोचेपर्यंत दोन फाइली झालेल्या असतात. कमांड तीन-चार ओळींची झाली, की हा हिशेब डोक्यात ठेवणं सोडून द्या. ती वेगळ्या फाइलमध्ये लिहा आणि अशी पाठवा:

एसएसएच ध्रुव 'बॅश -एस' < सुरू.एसएच

फाइल इकडेच राहते, चालते तिकडे, आणि अवतरणांचा प्रश्नच येत नाही.

दुसरी नेहमीची तक्रार अशी: "हाताने लॉगिन केलं तर प्रोग्रॅम चालतो, स्क्रिप्टमधून 'कमांड सापडली नाही' म्हणतो." कारण एसएसएचला कमांड जोडून दिली, की तिकडचं शेल लॉगिनचं नसतं आणि संवादीही (माणसाकडून एकेक कमांड घेणारं) नसतं. लॉगिनच्या वेळची तुमची 'प्रोफाइल' फाइल ते वाचत नाही. शेल सुरू होतानाची 'बॅशआरसी' फाइल वाचलीच, तरी डेबियन-उबुंटूवर त्या फाइलच्या वरच्याच ओळींत 'शेल संवादी नसेल तर इथूनच परत जा' असं लिहिलेलं असतं. त्यामुळे खाली जोडलेला पाथ (प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरांत शोधायचे ती यादी) लागूच होत नाही. उपाय साधा आहे: प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता द्या आणि लागणारी व्हेरिएबल स्क्रिप्टमध्येच ठरवा.

यापुढचा भाग सावकाश वाचा. प्रोग्रॅम मागे सोडून, म्हणजे तिकडे चालू ठेवून, परत यायचं असतं. शेवटी '&' दिलं, तरी एसएसएच लटकून राहतं. नोहप (लॉगिन संपलं तरी प्रोग्रॅम चालू ठेवणारी कमांड) लावून बघतात, तरी लटकतं. प्रत्येक प्रोग्रॅमला तीन वाटा असतात: आत येणारी, बाहेर जाणारी आणि चुकांची. मागे सोडलेल्या प्रोग्रॅमने यातली बाहेर जाणारी किंवा चुकांची वाट उघडी धरून ठेवली, की पलीकडचा सर्व्हर अजून काही येईल म्हणून वाट पाहतो. नोहप या वाटा वळवतं, पण समोर टर्मिनल असेल तरच. स्क्रिप्टमधून गेल्यावर तिकडे टर्मिनल नसतंच, म्हणून नोहप काहीच वळवत नाही. तिन्ही वाटा आपणच वळवायच्या. मी वापरते ती ओळ ही:

एसएसएच -एन ध्रुव 'सीडी /काम/प्रवाह && { नोहप ./गणक > गणक.लॉग २>&१ < /डेव्ह/नल & इको $!; }'

'गणक' हा आमचा गणिताचा प्रोग्रॅम, आणि 'इको $!' मागे सोडलेल्या प्रोग्रॅमचा नंबर छापतं. यातले महिरपी कंस शोभेचे नाहीत. ते काढले, तर '&' फक्त गणकला न लागता 'सीडी' सकट सगळ्या साखळीला लागतो. मग मागे एक जादा शेल उरतं, त्याच्या वाटा उघड्याच राहतात आणि एसएसएच पुन्हा लटकतं. वर 'इको' जो नंबर देतं तो त्या शेलचा असतो, गणकचा नाही. मी यावर एक अख्खी दुपार घालवली आहे. कंस असले, की फोल्डर सापडला नाही तर काहीच सुरू होत नाही आणि नंबरही येत नाही. अगदी हेच हवं असतं.

'-एन' कशासाठी, तेही सांगते. सहा मशीनची नावं एका फाइलमध्ये लिहून 'व्हाइल रीड' ने एकेक वाचायची, असं पहिल्यांदा केलं तेव्हा फक्त ध्रुव सुरू झाला. चूक कुठलीच नाही, संदेशही नाही, उरलेले पाच गप्प. एसएसएच आपल्या आत येणारी वाट वाचतं आणि लूपमध्ये ती वाट म्हणजे तीच नावांची फाइल. पहिल्या फेरीतच त्याने उरलेली पाच नावं गिळली होती. '-एन' दिलं, की ते आतली वाट बंद करतं. फक्त वरच्या 'बॅश -एस' बरोबर '-एन' देऊ नका. तिथे फाइल त्याच वाटेने जाते.

तासाभराहून जास्त चालणाऱ्या कामासाठी मला आता नोहपपेक्षा 'सिस्टमडी-रन --यूझर --युनिट=गणक' जास्त आवडतं. सिस्टमडी म्हणजे लिनक्सवरच्या सेवा आणि कामं सांभाळणारा प्रोग्रॅम. कामाला नाव मिळतं, नावाने त्याची विचारपूस करता येते, नावाने थांबवता येतं, आणि त्याच नावाचं काम चालू असताना दुसरं सुरू होत नाही. त्यासाठी तिकडे एकदा 'लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर' केलेलं असायला हवं. नाहीतर तुमचं शेवटचं सेशन संपलं, की सिस्टमडी तुमची सगळी कामं आवरून टाकतं. ज्या प्रोग्रॅमकडे मधूनमधून बघायचं, त्याला काही टाइप करून द्यायचं, त्यासाठी टीमक्स, म्हणजे सोडून जाऊन पुन्हा जोडता येणारं टर्मिनल: 'टीमक्स न्यू-सेशन -डी -एस गणक' आणि पुढे कमांड. नोहपच वापरणार असाल आणि एकच काम दोनदा सुरू होण्याची भीती असेल, तर गणकच्या आधी 'फ्लॉक -एन -एफ गणक.लॉक' लावा. '-एफ' (इथे रोमन मोठं अक्षर) मुळे नंबर गणकचाच राहतो.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. एसएसएच शून्य, म्हणजे 'सगळं ठीक' हा आकडा, घेऊन परत आलं म्हणजे प्रोग्रॅम सुरू झाला, असं नाही. तिकडच्या शेलने तो मागे सोडला, एवढंच त्यातून कळतं. पुढच्याच क्षणी लायसन्स न मिळाल्याने किंवा डिस्क भरल्याने तो मेला असेल, तरी शून्यच येतं. २५५ आलं तर बहुतेक वेळा एसएसएच पोचलंच नाही, असं समजा.

म्हणून मी चालू प्रोसेस शोधणाऱ्या पीजीरेपने तपासणीची ओळ घातली होती: 'पीजीरेप -एफ गणक && इको चालू'. चार दिवस रोज सकाळी सहाही मशीन 'चालू' म्हणत होती. पाचव्या दिवशी एका सहकाऱ्याला मघावरचे निकाल हवे होते. बघते तर लॉगची शेवटची ओळ पहिल्याच रात्रीची. गणक केव्हाच बंद पडला होता. 'पीजीरेप -एफ' पूर्ण कमांडची ओळ तपासतं आणि माझी तपासणी चालवणाऱ्या शेलच्या ओळीतच 'गणक' हा शब्द होता. त्याला ते शेलच सापडत होतं. मी लॉगिन करून हाताने तपासलं असतं तर खरं उत्तर आलं असतं, कारण तेव्हा शेलची ओळ नुसती 'बॅश' असते. सहकाऱ्याचे चार दिवस गेले. त्याने एका शब्दाने विचारलं नाही, पण मला ते अजून लागतं.

नमुना '[ग]णक' असा लिहिला तर हा घोटाळा टळतो: तो 'गणक' शी जुळतो, पण स्वतःच्या कंसासकटच्या ओळीशी जुळत नाही. पण मी नावाने शोधणंच सोडलं. सुरू करताना 'इको $!' ने आलेला नंबर जपून ठेवते आणि पाच सेकंदांनी विचारते:

एसएसएच -एन ध्रुव "स्लीप ५; किल -० $नंबर && इको चालू"

'किल -०' काही मारत नाही, त्या नंबराची प्रोसेस आहे का एवढंच बघतं. इथे अवतरण मुद्दाम दुहेरी आहे, कारण '$नंबर' इकडेच उलगडायला हवा. रोज सकाळी मात्र नंबरावरही भागत नाही, कारण अडकलेला प्रोग्रॅमही जिवंतच असतो. तेव्हा लॉग शेवटचा कधी बदलला ते 'स्टॅट' ने बघते. आमचं गणित दर काही मिनिटांनी एक ओळ लिहितं; अर्धा तास ओळ आली नाही, तर ते मशीन मी 'बंद' धरते.

खिडकी असलेले प्रोग्रॅम माझ्या कामात फारसे येत नाहीत. लिनक्सवर एक्स (खिडक्या दाखवणारी यंत्रणा) चालू असेल आणि तिकडे तुम्हीच लॉगिन असाल, तर कमांडच्या आधी 'डिस्प्ले=:०' (रोमन मोठ्या अक्षरांत) लिहिलं, की खिडकी तिकडच्या पडद्यावर उघडते. विंडोजमध्ये २०१८ च्या १८०९ आवृत्तीपासून ओपनएसएसएचचा सर्व्हर पर्यायी भाग म्हणून मिळतो, आणि पॉवरशेलचं 'इन्व्होक-कमांड' आहेच, पोर्ट ५९८५ किंवा एचटीटीपीएससाठी ५९८६. पण दोन्हीकडून सुरू केलेला प्रोग्रॅम समोर बसलेल्या माणसाच्या पडद्यावर दिसत नाही. व्हिस्टापासून सेवा आणि वापरकर्त्याचा पडदा वेगवेगळ्या सेशनमध्ये असतात. तिथे टास्क शेड्यूलरमध्ये 'वापरकर्ता लॉगिन असेल तेव्हाच चालव' असं टास्क आधी करून ठेवायचं आणि लांबून फक्त 'एसचटास्क्स /रन' ने ते सुरू करायचं.

माझी स्क्रिप्ट शेवटी सहा ओळी छापते. मशीनचं नाव, नंबर, आणि तीनपैकी एक शब्द: चालू, मेला किंवा पोचलो नाही. एक मशीन अडलं म्हणून बाकीची थांबत नाहीत. 'मेला' असेल तिथे त्याच ओळीखाली लॉगच्या शेवटच्या दहा ओळी आपोआप येतात. लायसन्स किंवा डिस्कचं कारण असलं, तर ते तिथेच लिहिलेलं सापडतं आणि खोलीची किल्ली शोधावी लागत नाही.