रशियन माणसाचं चरित्र मराठीत लिहिताना: नाव, तारीख, गाव

रशियन शास्त्रज्ञावर किंवा इतिहासातल्या कुणावर मराठी नोंद लिहिताना सगळ्यात जास्त चुका पहिल्याच ओळीत होतात. ती ओळ आधी पक्की करावी, बाकीचं मग. उदाहरणाला गणितज्ञ सोफिया वासिल्येव्ना कोवालेव्स्काया घेऊ.

नावाची रचना आपल्यासारखीच: नाव, वडिलांचं नाव, आडनाव. घात होतो तो या सारखेपणामुळेच. आपल्याकडे लग्नानंतर मधलं नाव नवऱ्याचं येतं, रशियन बाईच्या नावात मात्र ते जन्मभर वडिलांचंच राहतं. वासिली हे सोफियांचे वडील, पती व्लादिमीर. आडनावही स्त्री-पुरुषांनुसार बदलतं: ते कोवालेव्स्की, त्या कोवालेव्स्काया. पाश्चात्त्य पुस्तकांत त्यांना ‘सोन्या कोवालेव्स्की’ म्हटलेलं सापडतं. आपण मूळ रूप ठेवावं आणि दुसरं एकदा नोंदवावं, म्हणजे शोधणाऱ्याला दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे कळेल.

जुन्या काळच्या सामान्य माणसांना तर बहुधा आडनावच नसे. चौलला उतरून जुन्नरला गेलेला पंधराव्या शतकातला व्यापारी अफानासी निकितीन आपल्याला जवळचा. पण ‘निकितीन’ म्हणजे निकिताचा मुलगा, आडनाव नव्हे.

उच्चाराच्या नादी फार लागू नये. रशियनमध्ये आघात नसलेला ‘ओ’ ‘अ’कडे झुकतो, म्हणून रशियन शास्त्रज्ञ लोमोनोसोव्हचं ‘लमानोसफ’ केलं तर मराठी वाचक तो माणूस ओळखणारच नाही. रुळलेलं रूप राहू द्यावं. ग्रंथालयात शोधताना मात्र सगळी रूपं हाताशी हवीत: बौद्ध तत्त्वज्ञानाचे अभ्यासक फ्योदोर श्चेरबात्स्कोय इंग्रजी पुस्तकांवर ‘थिओडोर श्चेरबात्स्की’ म्हणून भेटतात.

आता तारीख, आणि इथे घाई नको. रशियात जुनी ज्युलियन कालगणना ३१ जानेवारी १९१८ पर्यंत चालली; दुसऱ्या दिवशी नव्या, म्हणजे आपण आज वापरतो त्या ग्रेगोरियन कालगणनेची थेट १४ फेब्रुवारी उजाडली. नवी तारीख काढायला सरसकट १३ दिवस मिळवतात, ते चूक. जुन्या गणनेच्या १ मार्च १७०० पासून ११, १ मार्च १८०० पासून १२ आणि १ मार्च १९०० पासून १३ दिवस मिळवायचे. रसायनशास्त्रज्ञ मेंदेलेयेव्ह यांचा जन्म २७ जानेवारी १८३४ चा, म्हणजे ८ फेब्रुवारी. मृत्यू २० जानेवारी १९०७ चा, म्हणजे २ फेब्रुवारी. एकाच माणसाला एकदा १२, एकदा १३.

उलटी चूकही होते. कोवालेव्स्काया वारल्या स्टॉकहोममध्ये, आणि स्वीडनमध्ये तेव्हा नवीच कालगणना होती. तिथली १० फेब्रुवारी १८९१ ही तारीख जशीच्या तशी घ्यायची. तिच्यात पुन्हा १२ मिळवले की २२ फेब्रुवारी ही खोटीच तारीख तयार होते.

सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या रशियन कागदांत जगाच्या उत्पत्तीपासूनचं वर्ष असतं. त्यातून ५५०८ वजा करा. वर्ष १ सप्टेंबरला सुरू होई, म्हणून सप्टेंबर ते डिसेंबरसाठी ५५०९.

गावाचं नाव घटनेच्या वेळचं लिहावं: सेंट पीटर्सबर्ग १९१४ मध्ये पेत्रोग्राद झालं, १९२४ मध्ये लेनिनग्राद, १९९१ मध्ये पुन्हा पूर्वीचं. १९३० साली तिथे शिकवणारा प्राध्यापक लेनिनग्रादचाच.

पदव्याही सांभाळून. सोव्हिएत काळातल्या ‘कांदिदात नाऊक’चं भाषांतर ‘उमेदवार’ होत नाही. ती साधारण पीएच.डी.च्या तोडीची पदवी, आणि ‘दोक्तर नाऊक’ तिच्या वरची. कोवालेव्स्काया १८८९ मध्ये पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीच्या करस्पाँडिंग मेंबर झाल्या, पूर्ण अकादमीशियन नव्हे. नुसतं ‘सदस्य’ लिहिलं की हा फरक पुसला जातो.

मग पहिली ओळ अशी होते: सोफिया वासिल्येव्ना कोवालेव्स्काया, माहेरच्या कोर्विन-क्रुकोव्स्काया (जन्म: मॉस्को, १५ जानेवारी १८५०, जुन्या गणनेने ३ जानेवारी; मृत्यू: स्टॉकहोम, १० फेब्रुवारी १८९१).