फोल्डिंग कटर घेताना आणि वापरताना या चुका टाळा

मी व्हिनाइल फ्लोअरिंग आणि वॉलपेपरची कामं करतो, म्हणजे दिवसभर हातात कटर, आणि आत्तापर्यंत एवढे फोल्डिंग कटर मोडलेत की बायको म्हणते त्या पैशात एखादी जुनी अॅक्टिव्हा आली असती. ब्लेड बदलायचा, घडी होणारा कटर असतो ना, त्याबद्दल बोलतोय.

सगळ्यात मोठी चूक दुकानातच होते. पुण्यात बोहरी आळीत, हार्डवेअरच्या बाजारात गेलं की दुकानदार चार कटर समोर टाकतो, आपण खटकन उघडतो, खटकन मिटतो, आवाज भारी येतो, हातात वजन लागतं, की झालं, घेतला. पण वजन म्हणजे मजबुती नाही हो, बऱ्याच स्वस्त कटरची बॉडी जस्ताच्या ओतीव धातूची असते, ती जड लागते पण ठिसूळ, फरशीवर दोनदा पडली की कडेचा कान तुटतो.

बघायचं ते वेगळंच असतं, ब्लेड धरणारा जबडा. हे ब्लेड म्हणजे शाळेतला समलंब चौकोन, साधारण ६१ मिमी लांब, १९ मिमी रुंद, ०.६ मिमी जाड, आणि वरच्या आखूड बाजूला दोन खाचा. जबड्याच्या आत एक बारीक खुंटी असते ती त्यातल्या एका खाचेत बसते, आणि आपण कटर स्वतःकडे ओढतो तेव्हा कापायचा माल ब्लेडला बाहेर खेचत असतो, म्हणजे सगळा जोर त्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या खुंटीवर. ती मऊ धातूची असली की महिन्या-दोन महिन्यात गोल झिजते. धायरीला एका फ्लॅटमध्ये जाड व्हिनाइल कापत होतो, पट्टी लावून मस्त ओढत आणलं आणि मधेच हात एकदम हलका झाला, बघतो तर मूठ माझ्या हातात आणि ब्लेड तिकडे व्हिनाइलमध्ये उभं. नशीब डावा हात पट्टीच्या मागे होता. घरी येऊन खुंटीवर टॉर्च मारला तर धार असलेली कड पार गुळगुळीत, गोटीसारखी.

म्हणून आता दुकानातच ब्लेड बसवून मागतो आणि पकडीने ब्लेड धरून सरळ बाहेर ओढून बघतो. दुकानदार तोंड वाकडं करतो, करू दे. मग ब्लेडचं टोक लाकडावर टेकवून बाजूला हलकं दाबायचं, टोक डावी-उजवीकडे खुळखुळत असेल तर तो प्ले पुढे वाढतच जातो, कमी होत नाही आणि सरळ रेघ तर विसराच.

पण थांबा, प्ले दिसला की लगेच कटरला शिव्या घालू नका. काही लोकल ब्लेड मुळात पातळ असतात, चांगल्या जबड्यातही हलतात. आधी दुसरं ब्लेड टाकून बघा. तीन खाचांचं, मधे भोकं असलेलंही ब्लेड मिळतं, खाचेची जागा जुळली नाही तर ते वरवर बसल्यासारखं दिसतं पण अडकत नाही. तिसरं म्हणजे चिकट, आमच्या कामात अॅडेसिव्हचा थर खाचेत जाऊन बसतो आणि जबडा पूर्ण मिटतच नाही. थिनरमध्ये जुना टूथब्रश बुडवून घासा, निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

डिझाइनची एक खोड मला अजिबात सहन होत नाही, ब्लेड सोडायचं बटण नेमकं अंगठा टेकतो तिथे. जोर लावला की अंगठा पुढे सरकतो, बटण दबतं. असा कटर फुकट दिला तरी घेऊ नका. तसंच कटर मिटल्यावर उजेडात धरून बघा, काहींमध्ये ब्लेडची कड मुठीच्या बाहेर केसभर डोकावते, खिशात हात घातला की कळतं.

लॉकचं, म्हणजे उघडलेला कटर मिटू न देणाऱ्या खटक्याचं काय करायचं, तर ब्लेड काढून टाकून टेस्ट करायची, हे लोक विसरतात. रिकामा कटर उघडायचा आणि पाठीकडून टेबलावर दाबायचा. बहुतेकांत आत एक स्प्रिंगची पट्टी असते ती सरकून मागे अडते, ती नव्या कटरमध्येच पलीकडच्या टोकाला जाऊन टेकत असेल तर झिजायला जागाच उरलेली नाही, परत द्या. लॉक घट्ट करायला म्हणून सांध्याचा चांदणी स्क्रू आवळत बसू नका, त्याने फक्त उघडणं जड होतं आणि साध्या पेचकसाने केलंत तर स्क्रूचं डोकं जातं ते वेगळंच. स्क्रू सारखा ढिला होत असेल तर निळं थ्रेडलॉकर, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद, एक थेंब, बास.

आता ब्लेड. अर्ध्या लोकांना माहीतच नाही की ते उलटं करून दुसऱ्या टोकाने वापरता येतं! एक टोक बोथट झालं की फेकतात राव. वापरलेल्या टोकाला मार्करने टिंब करा म्हणजे गोंधळ होत नाही. आणि बोथट ब्लेडने जोर लावत बसू नका, जिप्सम बोर्ड, सनमायका धार पटकन खातात, बोथट झालं की घसरतं आणि लागतं. सोनेरी ब्लेड दिसलं की टायटॅनियमचा कोट असेलच असंही नाही. साधी ब्लेडं हाय कार्बन स्टीलची असतात, जून ते सप्टेंबर आपल्याकडे पाकीट उघडं ठेवलं की लाल झालीच, शिलाई मशीनच्या तेलाचा हात लावून डबीत ठेवा.

पत्रा वाकवायला, डबा उचकटायला कटर वापरणाऱ्यांना मी काहीच बोलत नाही.

जुनी ब्लेडं मात्र सुटी कचऱ्यात टाकू नका. ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई कचरा हाताने वेगळा करतात. मी पावडरच्या पत्र्याच्या डब्याला वर चीर पाडलीये, त्यात टाकत जातो, भरला की चीर टेपने बंद करायची, वर मोठ्या अक्षरात ‘ब्लेड’ लिहायचं आणि ताईंना सांगून हातात द्यायचा.