कामावरच्या भेदभावाची तक्रार करण्याआधी

तक्रार लिहायला बसण्याआधी एक गोष्ट स्वतःशी स्पष्ट करून घ्या: जे झालं ते कशावरून झालं? बाई म्हणून, गरोदर असल्याचं कळवलं म्हणून, अपंगत्व आलं म्हणून, जातीवरून, की साहेबांशी पटत नाही एवढ्यावरून? प्रश्न कठोर वाटेल, पण पुढचं सगळं या उत्तरावर उभं राहतं. खासगी नोकरीतल्या प्रत्येक भेदभावाला लागू पडेल असा एकच कायदा भारतात नाही. राज्यघटनेची कलमं १४ ते १६ मुख्यतः सरकारी नोकरीत कामी येतात. खासगी कंपनीने धर्मावरून बढती अडवली, तर थेट बोट ठेवावं असं कलम सहजी सापडत नाही. ही उणीव फार मोठी आहे आणि ती भरून निघायलाच हवी. तोवर आपलं प्रकरण कोणत्या कायद्यात बसतं, हे आधी शोधावं लागतं.

लैंगिक छळ असेल तर २०१३चा कायदा आहे, आणि इथे पहिली नोंद मुदतीची करा. शेवटच्या घटनेपासून ३ महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी ३ महिने देऊ शकते, पण त्या भरवशावर राहू नका. १० किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती हवीच. माणसं त्याहून कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तक्रारीच्या ६ प्रती, सोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावं-पत्ते लागतात. समितीसमोर वकील उभा करता येत नाही, म्हणून आपलं म्हणणं आपल्यालाच सांगायचंय हे धरून तयारी करा. तक्रार सिद्ध झाली नाही एवढ्याच कारणावरून ती खोटी ठरत नाही, आणि तेवढ्यावरून तुमच्यावर कारवाईही करता येत नाही. हे कायद्यातच लिहिलंय. या भीतीने कितीतरी जणी गप्प बसतात, म्हणून मुद्दाम सांगते.

पगारातला फरक असेल तर एकाच मालकाकडे सारख्या कामाला स्त्री-पुरुष बघून वेगळं वेतन देता येत नाही. १९७६च्या कायद्यात हे होतं, आता २०१९च्या वेतन संहितेत आहे. मात्र ‘त्याला जास्त मिळतो’ एवढं पुरत नाही. दोघांचं पद, रुजू झाल्याची तारीख, अनुभव, प्रत्यक्षात कोण काय काम करतं, हे एका कागदावर शेजारी शेजारी मांडा. नोकरीच्या जाहिराती, कामवाटपाचे ईमेल इथे उपयोगी पडतात. अपंग व्यक्तींसाठी २०१६चा कायदा आहे. त्यातली सर्वांत मजबूत बाजू सरकारी नोकरदारांसाठी आहे: नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढून टाकता येत नाही, हुद्दाही खाली आणता येत नाही. एचआयव्हीच्या बाबतीत २०१७चा कायदा खासगी मालकालाही बांधतो, आणि नोकरीसाठी ती चाचणी सक्तीची करता येत नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा चारचौघांत जातीवरून अपमान झाला, तर तो १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. त्यासाठी पोलीस ठाण्यात जायचं, एचआरच्या परवानगीची वाट बघायची नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं काम. घटना घडली त्याच संध्याकाळी टिपण लिहा. तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं, आणि बोललेले शब्द जसेच्या तसे, शिवी असेल तर शिवीसकट. ‘मला हिणवलं’ असं लिहून काही हाती लागत नाही. ‘लग्न झालंय, आता कशाला हवीय बढती, असं मीटिंगमध्ये तिघांसमोर म्हणाले’ हे वाक्य टिकतं. चार महिन्यांनी आठवून लिहिलेल्या दहा पानांपेक्षा त्या दिवशीच्या चार ओळींवर माझा जास्त विश्वास आहे. वही घरी ठेवा, ऑफिसच्या लॅपटॉपवर नको. तो एका सकाळी काढून घेतला जातो.

नेमणूकपत्र, सॅलरी स्लिपा, पगारवाढीची पत्रं, अप्रेझलचे शेरे, तुमच्या रजेचे अर्ज, हे सगळं लॉगिन चालू असतानाच जमवून ठेवा. गरोदरपण कळवण्याआधीचा शेरा ‘उत्तम’ आणि नंतरचा ‘असमाधानकारक’ असेल, तर ते दोन कागद एकत्र बरंच काही सांगून जातात. पण कंपनीच्या ग्राहकांची माहिती किंवा इतरांच्या फायली स्वतःच्या मेलवर पाठवू नका. त्याने तुमच्यावरच कारवाईचं निमित्त मिळतं. असा कागद कुठे आहे, त्याची तारीख आणि विषय काय, एवढं टिपून ठेवा. लैंगिक छळाच्या चौकशीत समितीला कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात, तिथे ती मागवायला लावता येतात.

व्हॉट्सॲपच्या संदेशांचे कापलेले स्क्रीनशॉट काढू नका. नंबर, तारीख आणि आधीचं-नंतरचं संभाषण दिसू द्या, मूळ संदेश पुसू नका, शक्यतो तो फोनही विकू नका. प्रकरण कोर्टात गेलं तर २०२३च्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत त्याबद्दलचं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

तोंडी तक्रार केली असेल तर त्याच दिवशी छोटा मेल टाका: ‘आज आपल्याशी अमुक विषयावर बोललो, आपण अमुक सांगितलंत.’ पत्र हाती दिलंत तर दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का आणि तारीख घ्या. नाकारलं तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. साक्षीदाराला आधी विचारा, परस्पर नाव देऊ नका. त्यालाही नोकरी आहे.

दबाव आला तरी रागाच्या भरात राजीनामा लिहू नका. ‘माझी कोणतीही तक्रार किंवा येणं बाकी नाही’ असं छापलेला कागद पुढे आला, तर घरी नेऊन वाचल्याशिवाय सही नको. आणि वकील परवडत नाही म्हणून थांबू नका: स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना १९८७च्या कायद्याने मोफत विधी साहाय्य मिळतं. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० वर फोन करा.