बिलिंग सॉफ्टवेअर निवडताना दुकानातलं सगळ्यात किचकट बिल हाताशी ठेवा

सॉफ्टवेअर विकायला आलेला माणूस डेमोत हमखास सोपं बिल काढून दाखवतो. दोन वस्तू, रोख पैसे, प्रिंट, झालं. तेवढं काम कुठलंही सॉफ्टवेअर करतं. कस लागतो तो किचकट बिलांवर. त्यामुळे कुणालाही फोन करायच्या आधी जुनी बिलबुकं चाळा आणि ज्यांचा हिशेब करताना डोकं खाजवावं लागलं, अशी चार-पाच बिलं बाजूला काढा.

समजा, दुकान इलेक्ट्रिकल-हार्डवेअरचं आहे. वायरचं बंडल येतं ९० मीटरचं आणि गिऱ्हाइकाला त्यातली १४ मीटर हवी असते. एखादा कॉन्ट्रॅक्टर ४० बल्ब उधारीवर उचलतो, काम संपल्यावर ६ परत आणतो, मधेच थोडे पैसे यूपीआयने टाकतो. ते कुठल्या बिलाचे, हे त्यालाही सांगता येत नाही. हेच प्रकरण डेमोत करायला लावा. खरेदी बंडलात आणि विक्री मीटरमध्ये नोंदवल्यावर साठ्यात ७६ मीटर दिसतात का? परत आलेल्या बल्बांची क्रेडिट नोट, म्हणजे तेवढी रक्कम वजा केल्याची चिठ्ठी, काढली की साठा वाढून उधारी आपोआप कमी होते, की तीन ठिकाणी तीन नोंदी कराव्या लागतात? ‘त्यात काय, जुनं बिलच एडिट करा’ असं उत्तर आलं तर सावध व्हा. जीएसटी रिटर्न भरून झालेल्या महिन्याचं बिल मागाहून बदललं की सीएकडचे आकडे आणि तुमचे आकडे जुळत नाहीत.

मेडिकलवाल्यांनी बॅच आणि एक्स्पायरी बघावी, कापडवाल्यांनी साइज आणि रंग.

मग जीएसटी. तुम्ही कंपोझिशनमध्ये, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायच्या छोट्या व्यापाऱ्यांच्या योजनेत असाल तर गिऱ्हाइकाकडून कर घेता येत नाही, त्यामुळे टॅक्स इन्व्हॉइस नव्हे, ‘बिल ऑफ सप्लाय’ निघायला हवं. नियमित नोंदणी असेल तर बिल क्रमांक सलग हवा, आर्थिक वर्षात तो दुबार येता कामा नये आणि १६ अक्षरांच्या आत बसायला हवा. जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या रिटर्नची फाइल थेट तयार होते का, तेही विचारा. गोव्यातल्या, म्हणजे ३० ने सुरू होणाऱ्या जीएसटी नंबरच्या व्यापाऱ्याला महाराष्ट्रातून माल पाठवताना आयजीएसटी (दुसऱ्या राज्यातल्या विक्रीवरचा जीएसटी) आपोआप लागला पाहिजे. उलाढाल ५ कोटींच्या वर गेली असेल तर ई-इन्व्हॉइसची, म्हणजे व्यापाऱ्यांना दिलेली बिलं सरकारी पोर्टलवर नोंदवायची सोय हवीच.

एक प्रश्न मात्र मुद्दाम विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. सिमेंट २८ टक्क्यांवरून १८ वर आलं. अशा वेळी वस्तूचा दर तारखेनुसार बदलता येतो का? नवा दर टाकल्यावर जुन्या बिलावरचा कर बदलत असेल, तर ते सॉफ्टवेअर तिथेच बाद करा.

काउंटरवर तुम्ही एकटेच नसता. पोऱ्याला वेगळं लॉगिन देता यावं, त्याला खरेदीचा भाव दिसू नये आणि बिल रद्द केलं तर कुणी आणि कधी केलं, याची नोंद राहावी. नेट गेल्यावर बिल निघतं का, हे मोबाइलचा डेटा बंद करून समोरच बघा.

नावांचं म्हणाल, तर सीए बहुतेक वेळा टॅली सुचवतील, कारण त्यांच्या ऑफिसातल्या मुलांचा हात त्यावर बसलेला असतो. हिशेबाला टॅली उत्तम आहे. पण गर्दीच्या वेळी काउंटरवर बिल झटपट निघणं हा वेगळा मामला आहे. ‘व्यापार’ किंवा ‘मायबिलबुक’सारखं मोबाइलवर चालणारं ॲप काउंटरला सोपं वाटत असेल, तर त्यातला डेटा सीएला हव्या त्या स्वरूपात देता येतो का, एवढं त्यांच्याशी बोलून ठरवा.

किंमत विचारताना पहिल्या वर्षाच्या आकड्यावर जाऊ नका. दुसऱ्या वर्षाचं नूतनीकरण किती, दुसऱ्या कॉम्प्युटरचे वेगळे पैसे पडतात का, माणूस घरी येऊन दुरुस्ती करतो की फोनवरच, हे लेखी घ्या. वर्गणी संपल्यावर जुनी बिलं उघडतील का, हेही विचारा. जीएसटीच्या नोंदी वार्षिक रिटर्नच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपाव्या लागतात. माल, गिऱ्हाइकं आणि बिलं या तिन्हींची एक्सेल फाइल स्वतःला काढता येत नसेल, तर उद्या दुसरीकडे जायचं म्हटलं तरी जाता येणार नाही.

यातून दोन सॉफ्टवेअर उरली की दोन्हींची ट्रायल घ्या. जास्त खपणारे ५० माल चढवा आणि बिलबुकासोबत आठवडाभर चालवा. ट्रायलची बिलं गिऱ्हाइकाला देऊ नका, नाहीतर एकाच मालाची दोन बिलं बाहेर जातील.

पक्की सुरुवात १ एप्रिलला केलेली बरी. बिलांची नवी मालिका तशीही तेव्हाच सुरू होते. त्याआधी माल स्वतः मोजून ओपनिंग स्टॉक भरा, वहीतला आकडा तसाच उतरवू नका. उधारीची बाकी चढवण्यापूर्वी प्रत्येक खातेदाराला व्हॉट्सॲपवर रक्कम कळवून होकार घ्या. वाद निघायचा तो मार्चमध्येच निघू दे.